गजरेवाल्या ताई, तुमचे आभार

गेल्या गुरुवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर जिन्यावर माझा पाय घसरला. हातातला पत्र्याचा डबा सुटला, झाकण उडालं आणि माझ्या पहिल्या सिनेमाचं रीळ उलगडत पायऱ्यांवरून खाली गेलं. 35 एमएमची 1000 फूट फिल्म, पडद्यावर जेमतेम 11 मिनिटं. तलावपाळीजवळ काही मुलांना दाखवायला निघालो होतो. पायऱ्या ओल्या, त्यात घरी पळणारी गर्दी.

जिन्याखालच्या गजरेवाल्या ताईंनी आधी आडवा हात करून लोकांना थांबवलं. म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही बसा. हे धरायचं कसं, तेवढं सांगा.” मी म्हटलं, फक्त कडेनं, मधे बोट लागलं की चित्रावर डाग राहतो. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि खरोखर कडेनंच धरली. एडिटिंग टेबलावर किती सहायकांना मी हे शिकवलं, पण इतकी हलकी बोटं क्वचित पाहिली. मोगरा ओवणारा हात तो! टोपलीतली फुलं बाजूला काढून त्यांनी फिल्म त्यात वेटोळं करत उतरवून घेतली. कॉलेजचा एक मुलगा तेवढा वेळ छत्री धरून उभा होता.

मधेच ताईंनी एक तुकडा दिव्यासमोर धरला. “सगळी चित्रं सारखीच की!” सेकंदाला 24 लागतात, असं सांगितल्यावर पुन्हा निरखून म्हणाल्या, “हां, इथं मान वळतेय.”

भिजलेले थोडे फूट घरी दोरीवर वाळवले. बाकी रीळ शाबूत आहे. त्या मुलाने रिक्षात बसवून दिलं, नाव विचारायचं राहिलं. ताई, नंतर दोनदा येऊन गेलो, तुम्ही भेटला नाहीत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.