मार्चमध्ये फोन का टाळत होते ते

आई-बाबा,

फोनवर बाबांना दम लागतो हा विषय काढला की बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणून फोन तुझ्या हातात देतात, म्हणून हे लिहून पाठवतेय, आई तू मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आधी माझी चोरी. मार्चमध्ये "घसा बसलाय, बोलवत नाही" म्हणत होते ना, घसाबिसा काही नव्हतं. हडपसरला स्कूटी घसरली आणि उजवीकडच्या दोन बरगड्यांना क्रॅक गेला. आता एकदम बरी आहे, 6 आठवड्यांत दुखायचं थांबलं, ओरडू नका.

पण त्या दिवसांत कळलं की श्वास ही काय भानगड असते. मला वाटायचं फुफ्फुसं स्वतःच हवा ओढतात, तर तसं नाहीये, त्यांच्याकडे ओढायला स्नायूच नाहीत. छाती आणि पोटाच्या मधे एक पडदा असतो, डायफ्रॅम, तो खाली सरकतो, बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा शिरते. सोडताना तर निवांत बसलेल्या माणसाला काही करावंच लागत नाही, ताणलेलं सगळं आपोआप जागेवर येतं. एका साध्या श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा, दिवसाला असे 20,000 च्या आसपास श्वास, आणि मला त्यातला प्रत्येक कळत होता कारण प्रत्येकाला कळ यायची. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे.

मग मी अर्धा अर्धाच श्वास घ्यायला लागले, आणि फिजिओवाल्या ताई चिडल्या. म्हणाल्या असं केलंत तर फुफ्फुसाचा खालचा भाग उघडणारच नाही, कफ साठेल, न्यूमोनिया व्हायचा. आई तू असतीस तर करकचून पट्टा बांधला असतास, आजोबा आंब्यावरून पडले तेव्हा बांधलेला तसा, पण आता तो बांधतच नाहीत, ह्याच कारणासाठी. उलट गोळी घेऊन दुखणं कमी करायचं, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची आणि तीन बॉलचं ते प्लास्टिकचं खेळणं, नळीतून श्वास ओढून बॉल वर उचलायचे ते, ओढत बसायचं. पहिल्या दिवशी एकच बॉल हलला, तोही जेमतेम.

आता बाबा, तुमचं. दिवाळीत तुम्ही जिन्यात कठडा धरून पुढे वाकून उभे राहिलात आणि मानेवर दोऱ्या ताणल्यासारखं दिसत होतं, ते मी पाहिलंय. एरवी शांत श्वासाला मान अशी ताणावी लागत नाही. पडद्याचं आणि बरगड्यांचं भागेना की मानेचे स्नायू जोर लावून वरच्या बरगड्या उचलायला येतात, हात टेकले की खांद्याकडचेही. वयानं बरगड्यांच्या पुढच्या कुर्च्या, म्हणजे टोकाचा लवचिक भाग, कडक होतात हे खरंय, त्यात तुम्ही तास तास पोक काढून पेपर वाचता, जेवलात की लगेच आडवे, म्हणजे भरलेलं पोट पडद्याला खालून ढकलतंय.

पण "हां, पोक आहे, विषय संपला" असं करू नका! तुम्ही 30 वर्षं सिगारेट ओढलीत, सोडलीत ते भारीच केलंत, पण तशा फुफ्फुसात हवा अडकून राहू शकते, छाती फुगलेलीच राहते, पडदा चपटा होतो आणि मग त्याला खाली जायला वावच उरत नाही. हृदयामुळेही दम लागतो, रक्त कमी असलं तरी लागतो. अंदाज नको, फुफ्फुसांसाठी फुंकायची टेस्ट आणि हृदयासाठी ईसीजी करायचाच. तोवर जिन्यात दम लागला तर नाकानं घ्या आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळूहळू सोडा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. आणि छातीत दुखलं, पाय सुजले किंवा रात्री आडवं पडवेना झालं तर माझी वाट बघत बसायची नाही, लगेच दवाखाना.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय, अकराची अपॉइंटमेंट घेतलीये. आई, हे बाबांना आधी सांगू नकोस असं लिहिणार होते, पण तू मोठ्यानेच वाचतेयस म्हणजे झालंच.

तुमची,
लबाड मुलगी