कॅनडातल्या थंडर बेहून पत्र

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. कुकर चालतोय, गोडा मसाला पुरून उरेल. आवाज बसलाय तो हीटरमुळे, बाकी काही नाही.

बाबा, "बरं, तुला पटतंय ना?" असं तुम्ही कधी म्हणता ते मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. टोरांटोची नोकरी घेतली असती तर डॅश 8 या प्रवासी विमानावर को-पायलट झाले असते. मागे सत्तरएक प्रवासी, अंगात इस्त्रीचा युनिफॉर्म, फोटो झकास आले असते. इथे कॅरॅव्हॅन हे मालाचं छोटं विमान मिळतंय: एकच इंजिन आणि सीटांच्या जागी दूध, अंडी, डायपर, टपाल. पण काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली उडवलं की विमान माझ्या हाती. इथल्या एटीपीएलला, म्हणजे वैमानिकाच्या सगळ्यात वरच्या लायसन्सला, उड्डाणाचे 1500 तास लागतात, त्यातले 250 कॅप्टन म्हणून. को-पायलट राहून पहिला आकडा भरतो, दुसरा अडून राहतो.

आता त्या "हमाली"बद्दल. आई, तू शेजारी अजून सांगितलेलं नाहीस, कळलंय मला. उत्तरेकडच्या बऱ्याच कंपन्यांची ही रीतच आहे. लायसन्स हातात असलं तरी आधी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे माल चढवायच्या कामाला, घालतात. खोकी वजन करून चढवा, जाळी आवळा, पंखावरचं हिम झाडा, उणे तीसमध्ये इंजिनाला रजई गुंडाळून हीटर लावा. कोण टिकतं, कोण कुरकुरतं ते बघतात आणि मग कॉकपिटमध्ये घेतात. शिक्षा नाही ती, आणि मुलगी म्हणूनही नाही. माझ्याबरोबर इथल्या एका डॉक्टरांचा मुलगा खोकी उचलायचा. माल मागे सरकला तर विमानाचं नाक वर जातं, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पट्टा स्वतः आवळायला लागल्यापासून तो दोनदा ओढून बघते. आणि हो, कॅरॅव्हॅनवरही बराचसा माल मीच चढवणार. पाठ ठीक आहे, विचारू नका.

"एकटी, रात्री, बर्फात" हे तर आई तू रोजच म्हणतेस. पंखाला हिम चिकटलेलं असताना उडायचं नाही, असा इथे कायदाच आहे. हवा वाईट असेल तर नाही म्हणायचं मी, आणि उशीर झाला म्हणून दूध काही भांडत नाही. हा माल जातो त्या उत्तरेकडच्या गावांना रस्ता नाही गं. तळी गोठली की थोडे दिवस बर्फावरून ट्रक जातात, एरवी सगळं विमानानेच. धावपट्टी खडीची असते, पण व्यवस्थित राखलेली.

ट्रेनिंगभर पगार कमी येईल. बँकेचा हप्ता जाईल, वरचे पैसे थोडे थांबतील. टोरांटोला पगार जास्त होता, पण घरभाड्यातच गेला असता. बाबा, यापायी मोतीबिंदूचं पुढे ढकलू नका, काहीतरी करते. आत्याच्या त्या स्थळाला "एअरलाइनमध्ये आहे" असं मोघम सांगू नका. मालाचं विमान चालवते म्हणून सांगा. तरीही हो म्हणाले तर रविवारी बोलेन त्याच्याशी.

मे महिन्यात दादाच्या लग्नाला येतेच म्हणाले होते. नव्या विमानावर लगेच रजा देत नाहीत. विचारलंय. हॉलची तारीख माझ्यासाठी अडवू नका.

तुमची,
चिमी