तीन लाखांचं टार्गेट बिलांत मोडून दाखवलंत, त्याबद्दल

आदरणीय साहेब,

किराणा लाईनवर, म्हणजे दुकानोदुकानी फिरून कंपनीच्या मालाची ऑर्डर घ्यायच्या कामावर, नव्याने लागलेल्या मुलांना तुम्ही हाताला धरून शिकवलंत. त्याबद्दल आम्ही सगळी सेल्समन मंडळी तुमचे जाहीर आभार मानतो.

दुकानात शिरताच स्कीम (कंपनीची दुकानदारासाठीची सवलत) वाचून दाखवायची नाही, हा तुमचा पहिला नियम. काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर बाजूला उभं राहून रॅक बघायचा. कुठला पुडा संपत आलाय, कुणाची तारीख जवळ आलीय ते टिपायचं. डॅमेज-एक्सपायरीचा, म्हणजे खराब झालेल्या आणि तारीख उलटलेल्या मालाचा, हिशेब मिटवायचा आणि मगच ऑर्डरचं नाव काढायचं. शेठ एकदा "नको" म्हणाले की त्यांनाही शब्द फिरवणं जड जातं, म्हणून घाईने विचारायचंच नाही.

"माल पडून आहे" यामागे निरनिराळी कारणं असतात, हेही तुमच्यामुळे कळलं. गल्ल्यात पैसे नसतील, मागच्या स्कीमची रक्कम अडकली असेल किंवा दुसरी कंपनी जास्त मार्जिन देत असेल. "कुठला पडून आहे?" एवढंच विचारून गप्प राहायचं. बहुतेक वेळा खरं कारण शेठच सांगतात. पैसे नसतील तर लहान ऑर्डर घ्यायची, स्कीम अडकली असेल तर क्रेडिट नोट (ती रक्कम दुकानाच्या खात्यात जमा केल्याची कंपनीची चिठ्ठी) आणून द्यायची, मार्जिनचा प्रश्न असेल तर महिन्यात किती पुडे फिरतात ते मांडायचं. सरसकट सूट दिली तर यातलं काहीच सुटत नाही.

इन्सेंटिव्ह (पगारावरचा बक्षीस-भत्ता) टार्गेटच्या ८० टक्क्यांपासून सुरू होत असेल, तर १५ तारखेला ३० टक्क्यांवर असलेला मुलगा मनातून हरतो. मग २९ तारखेला तो दुकानात माल ढकलतो आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत येतो. तुम्ही ३ लाखांचं टार्गेट २५ दिवसांत वाटून दिलंत: रोज १२ हजार, म्हणजे ४० दुकानांतून २४ बिलं, सरासरी ५०० रुपयांची. आज दोन बिलं वाढवणं मुलाच्या हातात असतं. १९८५ साली मार्केटिंगचे अभ्यासक गिल्बर्ट चर्चिल आणि सहकाऱ्यांनी विक्रेत्यांच्या कामगिरीवरचे ११६ लेख एकत्र तपासले. कौशल्य असो वा उमेद, कुठल्याही एकट्या गोष्टीने कामगिरीतला सरासरी १० टक्केही फरक उलगडत नव्हता. तुम्ही दोन्ही एकाच फेरीत शिकवत होतात.

सकाळच्या मीटिंगमध्ये चारचौघांत तुम्ही कुणाचा आकडा काढला नाहीत. पाच दुकानं तुम्ही घ्यायचात, पुढची पाच तो मुलगा. मग टपरीवर चहा पिताना एकच चूक सांगायचात, दुसरी उद्यासाठी ठेवायचात.

आता नवा मुलगा आला की आम्हीही पाच-पाच दुकानं अशीच घेतो. चहाचे पैसे आम्ही देतो. तुम्ही आम्हाला कधी देऊ दिले नाहीत.

आपली,
लाईनवरची सेल्समन मंडळी