न खाणाऱ्यांचा आकडाही छापा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवशी 'तरुणाई व्यसनाच्या विळख्यात' असा मथळा दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात असतोच. हेतू चांगला असतो. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून सांगते, या मथळ्याचा मुलांवर उलटाच परिणाम होतो.

नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मला खर्र्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाची, पन्नी सापडली होती. का खातोस, असं विचारलं तर म्हणाला, "सारेच खातेत ना, मॅडम." तो थाप मारत नव्हता, त्याला खरोखरच तसं वाटत होतं. मग मी वर्गाला चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, फक्त दोन उत्तरं द्यायची: तू खातोस का, आणि वर्गातले किती जण खात असतील? खाणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. अंदाज मात्र बहुतेकांचा अर्ध्या वर्गाचा, काहींचा त्याहून जास्त. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, तेव्हा न खाणारी मुलं एकमेकांकडे बघू लागली. इतके दिवस प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटत होतं.

असं का होतं, ते उघड आहे. खाणारा नजरेत भरतो. टपरीवर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटताना दिसतो, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी दिसते. जो खात नाही, तो मुकाट्याने तिथून निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलांच्या दारूबद्दल पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अभ्यासकांना 1986 साली हेच आढळलं होतं. आपल्या मित्रांना जेवढं पिणं चालतं असं मुलांना वाटत होतं, तेवढं प्रत्यक्षात त्या मित्रांना चालत नव्हतं. अ‍ॅरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातला प्रयोग तर संपादकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. तिथले पर्यटक दगड बनलेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. 'आजवर कितीतरी जणांनी तुकडे नेले' असं सांगणारी पाटी लावली, तेव्हा 'कृपया नेऊ नका' या साध्या पाटीपेक्षा जास्त तुकडे चोरीला गेले. आपले मथळे पहिल्या पाटीच्या जातीचे आहेत.

आपल्याकडचे खरे आकडे काय सांगतात? 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. हा आकडा लहान नाही, त्यातलं एकेक मूल मोलाचं आहे. पण त्याच सर्वेक्षणानुसार शंभरातली एक्याण्णव मुलं तंबाखूला हात लावत नाहीत, आणि हे मुलांना कुणीच सांगत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हा हिशेब तितका सरळ नाही. आमच्याकडच्या काही गावांत खाणारे पुरुष खरंच खूप आहेत. तिथे 'बहुतेक जण खात नाहीत' असं सांगणं खोटं ठरेल, आणि खोटं मुलं लगेच ओळखतात. लग्नघरी पाहुण्याच्या हातावर खर्रा ठेवणं हा मान समजला जातो. बापच मुलाला टपरीवर पिटाळतो, "जा, एक घोटून आण." ही रीत मोडायची तर आधी घरातल्या मोठ्यांना ती खटकली पाहिजे. शिवाय नुसत्या आकड्यांनी व्यसन सुटत नाही, हेही मला ठाऊक आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, ती टपऱ्या हटवूनच अमलात येईल. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. त्याबद्दल आपण लिहिता, तसंच लिहीत राहा.

माझी विनंती एवढीच. येत्या 31 मे रोजी कॅन्सर झालेल्या तोंडाच्या छायाचित्राशेजारी न खाणाऱ्या मुलांचा आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना चिठ्ठ्यांचा हा प्रयोग आपापल्या वर्गात करून पाहायला सांगा. तासाभराचं काम आहे, खर्च कागदाचा. फक्त चिठ्ठ्या वाचल्यावर कोणी काय लिहिलं याचा शोध घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळावं, नाहीतर पुढच्या वेळी खरं कुणीच लिहिणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. चंद्रपूर