सरबताच्या ओट्याबद्दल मनःपूर्वक आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा आमच्या कोथरूडच्या घरी पन्नासेक जणी येऊन गेल्या आणि पन्ह्याचा प्रत्येक पेला मी त्यांच्यासमोर उभे राहून, त्यांच्याशी बोलत भरला. इतकी वर्षे हा समारंभ मी स्वयंपाकघरातूनच ऐकत आले होते. म्हणूनच आपण बांधून दिलेल्या सरबताच्या ओट्याबद्दल जाहीरपणे आभार मानावेत, असे मनापासून वाटले.

दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीला संगमरवरी ओटा आणि त्यात छोटे सिंक, असा माझा हट्ट होता. आपण वाद न घालता टेप काढलीत. सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच उतार हवा आणि त्या भिंतीपासून ड्राय बाल्कनीतल्या पाइपपर्यंतचे अंतर १६ फूट, म्हणजे उताराचेच ४ इंच झाले. तेवढी फरशी उचलली तर वयस्कर पाहुण्यांना वाटेतच ठेच लागेल, हे आपण खडूने जमिनीवर आखून दाखवलेत. ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे तोपर्यंत माझे लक्षच गेले नव्हते.

संगमरवराच्या एका तुकड्यावर आपण लिंबू पिळून रात्रभर ठेवलेत. सकाळी तेवढी जागा निस्तेज झाली होती. संगमरवर मुळात चुनखडीतूनच घडलेला, त्यामुळे आंबट लागले की त्याची झिलई जाते, आणि आमच्या ओट्यावर तर कैरी, कोकम आणि लिंबूच सांडणार! आज काळा ग्रॅनाइट मी निर्धास्तपणे पुसते. २००० वॉटची किटली जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते, म्हणून सिंकपासून दूर १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि छोट्या फ्रीजभोवती हवा खेळायला जागा, हेही आपणच सुचवलेत.

सर्वांत मोलाची ठरली ती जाता जाता दिलेली सूचना. पाहुणे नसतात तेव्हा असे सिंक आठवडेच्या आठवडे वापरात येत नाही, ट्रॅपमधले, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपमधले, वास अडवणारे पाणी आटते आणि ड्रेनेजचा वास घरात शिरतो. तेव्हा दर रविवारी त्यात तांब्याभर पाणी ओतण्याचा नेम मी आजवर चुकवलेला नाही.

ओट्याची उंची मात्र आपण माझ्या नव्हे, तर सासूबाईंच्या कोपरावरून ठरवलीत आणि ती ३२ इंच ठेवलीत. तेव्हा मला ती कमी वाटली होती. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी दमले, तेव्हा शेवटचे दहा-बारा पेले सासूबाईंनी स्वतः भरले; गुडघ्याच्या दुखण्यानंतर त्यांनी पाहुण्यांचे असे काही करण्याची ही पहिलीच वेळ होती. आपल्यासाठी पन्ह्याच्या गराची एक बरणी त्यांनी फ्रीजमध्ये राखून ठेवली आहे. सवडीने काकूंना घेऊन जरूर यावे.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई