ठाणेदार साहेब, लान्सिंगबद्दल एकदा बोला

नमस्कार साहेब,

मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो, म्हणजे तुमच्या मतदारसंघातला नाही, पण तुम्ही बेळगावचे, मराठी वाचणारे आणि 2021-22 ला मिशिगनच्या हाऊसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानसभेत, बसलेले, आता वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणून तुम्हालाच लिहितोय. विषय रिक जॉन्सनचा.

तुम्हाला सगळं माहितीय, पण आपल्या इथल्या बऱ्याच मंडळींना नाही म्हणून सांगतो. लीरॉयचा शेतकरी माणूस, 1999 ला आमदार झाला, 2001 ते 2004 स्पीकर. तेव्हा हाऊसमध्ये सहाच वर्षं राहता यायचं, त्यामुळे 2004 ला बाहेर पडला आणि राजधानीत, लान्सिंगमध्येच, लॉबिस्ट झाला. कालपर्यंत ज्यांच्यात बसायचा त्यांच्याकडेच क्लायंटचं काम घेऊन जायला लागला, आणि यात बेकायदेशीर काहीच नव्हतं, कारण टर्म पूर्ण केलेल्या आमदाराने अमुक दिवस थांबावं अशी अटच इथल्या कायद्यात नव्हती.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. 2017 ला गव्हर्नर स्नायडरनी याच माणसाला मेडिकल मारिव्हानाच्या, म्हणजे औषधी गांजाच्या धंद्यांना परवाने देणाऱ्या, लायसन्सिंग बोर्डाचा चेअरमन केलं. इतकी वर्षं लॉबिंग केलेला माणूस, त्याच्या हातात लायसन्स! 1 लाख 10 हजार डॉलरच्या वर लाच घेतली, देणाऱ्यांत दोन लॉबिस्टच होते, आणि 2023 ला गुन्हा कबूल केल्यावर 55 महिन्यांची शिक्षा झाली. मेडिकल मारिव्हाना लोकांनी 2008 ला मतदान करून आणलेला हो, आजारी माणसांसाठी. कुंपणानेच शेत खाल्लं. ज्यांनी सरळ मार्गाने अर्ज भरले, स्वतःची जमापुंजी घातली, त्यांना आपला अर्ज कुणाच्या हातात आहे हे कुठे माहीत होतं?

जॉन्सनला शिक्षा झाली ते ठीक, पण मला त्या 2004 च्या दरवाजाची काळजी वाटते, आमदारकीतून थेट लॉबिंगमध्ये उघडणाऱ्या. तुम्ही दोन्हीकडचं बघितलंय. वॉशिंग्टनमध्ये हाऊसचा मेंबर बाहेर पडला की एक वर्ष काँग्रेसमध्ये लॉबिंग करता येत नाही. मग लान्सिंगमध्ये निदान दोन वर्षं थांबायची अट का नको? आणि आमदारांचे, गव्हर्नरचे कागद माहितीच्या कायद्याबाहेर ठेवलेत, ते कुणासाठी?

लान्सिंगमध्ये बिल तुम्हाला आता मांडता येणार नाही, कळतं मला. पण तिथे तुमच्याबरोबर काम केलेली माणसं अजून आहेत, त्यांना फोन करा, आणि पुढच्या टाऊन हॉलमध्ये हा विषय स्वतःहून काढा, मी ट्रॉयहून येईन.

तुमचा,
ट्रॉयचा एक मराठी मतदार