तिजोरीवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

कादंबरी छापून आली. प्रत तुम्हाला मिळाली असेलच. ऋणनिर्देशात तुम्ही नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. नाव इथेही घेत नाही. कुलपांच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाला प्रसिद्धी परवडत नाही, हे तुमचं म्हणणं पटलंय.

१९५०च्या आसपासची अमेरिकेतली गुन्हेगारी दुनिया, पंचवीस सेंटच्या पॉकेटबुकांची ती झणझणीत चाल, तिरक्या हॅटा, दगाबाज दोस्त, पैसे घेऊन गायब होणारी बाई, एवढा ऐवज माझ्यापाशी होता. टोळी इमारतीत शिरेपर्यंत लिहूनही झालं होतं. पुढे तिजोरी होती आणि तिथे तुम्ही लागत होतात.

तुम्ही भाषण दिलं नाहीत. नंबरच्या एका जुन्या कुलपाचं मागचं झाकण काढून ते माझ्या हातात ठेवलंत. आत तीन चकत्या, प्रत्येकीला एकेक खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची पट्टी खाली बसते आणि बोल्ट मागे सरकवता येतो. तबकडीवर शंभर घरं, म्हणजे कागदावर दहा लाख जुळण्या. "आता डोळे मीट आणि फिरव," म्हणालात. पट्टी खाचांत बसली तेव्हा आवाज असा आलाच नाही, बोटांना नुसती ढील लागली. दाराला कान लावून टिकटिक ऐकणारा चोर तिथेच बाद झाला. त्याच्या जागी आला तो वही-पेन्सिल घेऊन बसणारा, खटका कुठे टेकतो ते बोटांनी चाचपणारा, अर्ध्या घराहूनही कमी फरक टिपून त्याचा आलेख काढणारा किरकिरा म्हातारा. तो आकडे मांडत बसलाय आणि बाकीची टोळी कंटाळून आपापसांत भांडतेय, हे प्रकरण वाचकांना सगळ्यात जास्त आवडलेलं दिसतंय. त्याचं श्रेय तुमचं. (म्हाताऱ्याच्या किरकिरेपणाचंही थोडं तुमचंच, रागावू नका.)

टाइम-लॉकचंही तसंच. नंबर ठाऊक असला तरी ठरलेली वेळ होईपर्यंत दार हलत नाही आणि आतलं एक घड्याळ बंद पडलं तरी अडायला नको म्हणून दोन-तीन घड्याळं बसवतात, हे तुम्ही सांगितलंत आणि मला अख्खी रात्र कथानकासाठी मोकळी मिळाली.

पण खरे आभार ब्रिंक्स या पैशांची ने-आण करणाऱ्या कंपनीवरच्या दरोड्याबद्दल मानायचेत. १७ जानेवारी १९५०, बॉस्टन. रोख बारा लाख डॉलरहून जास्त, शिवाय चेक आणि मनीऑर्डरी मिळून आणखी पंधरा लाखांवर. मी त्याच्याकडे मुखवटे नि पिस्तुलं म्हणून बघत होतो, तुम्ही कारागीर म्हणून बघितलंत. आधीच्या रात्रींत आत शिरून एकेका कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, काढायचं, काहींनी पहारा करायचा, बाकीच्यांनी किल्ली घडवून आणायची, सिलिंडर परत जागच्या जागी. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं, ते पोलिसांनी बघू नये असं होतं! आणि लगेच हसलात, कारण एवढी तयारी करून आलेल्यांना जनरल इलेक्ट्रिकच्या पगाराची लोखंडी पेटी तशीच सोडावी लागली. हत्यारंच आणली नव्हती.

तुम्ही म्हणालात, आता पुढचं वाच, पैसे वाटले तिथपासून. वाचलं. टोळीतल्या जोसेफ ओ'कीफला वाटलं की साथीदारांनी त्याला बुडवलं. तो पैशासाठी मागे लागला, तेव्हा १९५४मध्ये त्याच्यावर भाडोत्री मारेकरी सोडला. तो वाचला. राज्याच्या कायद्याप्रमाणे खटला भरण्याची सहा वर्षांची मुदत संपायला जेमतेम अकरा दिवस उरले असताना, ६ जानेवारी १९५६ला तो एफबीआयपुढे बोलला. आठ जणांना जन्मठेप झाली.

त्या वाचनानंतर माझ्या कादंबरीचा उत्तरार्ध बदलला. पाठलाग, गोळीबार सगळं शेवटाच्या पन्नास पानं आधीच संपवलं आणि शेवटचा भाग एका बंद खोलीत नेला: टेबलावर नोटा, भोवती पाच माणसं, मोजणाऱ्यावर कुणाचाच विश्वास नाही. प्रकाशक कुरकुरले. मी ऐकलं नाही.

एका बाबतीत मात्र तुमचंही ऐकलेलं नाही. नायट्रोग्लिसरीनचं प्रकरण काढून टाक, असल्या कुलपावर ते वापरणारा मूर्खच, असं तुम्ही बजावलं होतंत. कारागिरीच्या दृष्टीने तुमचं बरोबरच आहे. पण पल्प, म्हणजे स्वस्तातली थरारक कादंबरी आहे काका, त्यात एक तरी स्फोट हवाच. तो मी मूर्खाच्याच हातून घडवलाय. पान उलटून पुढे गेलात तरी चालेल.

तुमचा,
वही-पेन्सिलवाला